माडावरचा पंखा

घरच्या घरी वीज तयार व्हावी म्हणून मी परसातल्या माडाच्या शेंड्याला पवनचक्की बांधली. हे वाक्य लिहायला जितकं सोपं वाटतंय, तितकंच मला तेव्हा ते कामही वाटलं होतं.

माडावर बांधा असं खरं तर कुणी सांगितलं नव्हतं. मोबाईलवरच्या व्हिडिओतला माणूस अंगणात खड्डा खणून लोखंडी खांब उभा करतो. पण तो मातीत खणत होता. आमचं घर रत्नागिरीबाहेर, सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, कडेला. इथे अर्धी वीत खणलं की जांभा दगड लागतो आणि पहार उडून परत आपल्याकडे येते. दोन दिवसांत मी जो खड्डा केला त्यात कोथिंबीरही नीट उभी राहिली नसती. तिसऱ्या दिवशी कंबर धरून आडवा झालो असताना खिडकीतून माड दिसला. चाळीसेक फूट उंच, सरळ, समुद्राकडच्या वाऱ्यात एकटा उभा. आयता खांब! (माझी बायको सुलभा म्हणते, दुसरा कुणी असता तर मुकाट्याने कंबर शेकत बसला असता.)

भंगारातून बंद ट्रेडमिलची मोटर आणली, सहा इंची पीव्हीसी पाईप कापून तीन पाती केली पंखा वर बसवायला एक लोखंडी पाईप आणला आणि घरातली इन्व्हर्टरची जुनी बॅटरी घेतली. मे महिन्यात एक दिवस आमचे नारळ पाडणारा गंगाराम हे सगळं बघायला आला.

"अण्णा, ह्या काय हाय?"

"पवनचक्की. झावळ्यांच्या वर बांधायची."

"आनि नारळ?"

"नारळ खाली, पंखा वर. दोघांचा काय संबंध?"

गंगारामने माडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "माड तुमचा हाय," एवढंच म्हणाला आणि चढला. सुलभा दारात उभी राहून म्हणाली, "अहो, घरात एकच माड आहे आपला." मी म्हटलं, "पवनचक्कीही एकच आहे."

संध्याकाळी चाचणी घेतली. पान हलत नव्हतं. मी नुसत्या वायरी बॅटरीला जोडल्या आणि काय सांगू, पंखा गरगर फिरायला लागला! मी ओरडलो. शेजारी धावत आले. सुलभाने साखर वाटली. "बघा, वारा नसतानासुद्धा फिरते!" मी सगळ्यांना सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांना ते पटलं. तासाभराने बॅटरी ठार रिकामी. दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्त करणारा मित्र आला, वायरी बघून बराच वेळ हसला. मध्ये डायोड नावाचा एक बारकासा भाग लावायचा असतो, म्हणजे वीज फक्त पंख्याकडून बॅटरीकडे येते, उलटी जात नाही. मी तो लावलाच नव्हता. थोडक्यात, मी घरातली वीज खर्च करून माडाला वारा घालत होतो!

डायोड लावला आणि पावसाळ्याचा वारा सुटल्यावर पडवीतला बल्ब खरोखर लागला. तिथे मी चूक केली. मुंबईला दादाला फोन लावला. हा माझा थोरला भाऊ, लहानपणापासून मी काही करायला घेतलं की आधी हसतो आणि मग विचारतो. शिवाय गणपतीत आरतीच्या ऐन वेळी आमच्याकडे लाईट जाते, आणि दरवर्षी तो सगळ्यांसमोर माझ्याकडे अशा नजरेने बघतो, जणू मीच बटण बंद केलंय.

"दादा, यंदा आरतीला लाईट जाणार नाही."

"आणि गेली तर?"

"गेली तर पुढच्या वर्षीपासून आरती तू सांग, मी झांजा वाजवीन."

आरती सांगणं हा आमच्या घरातला माझा एकमेव मान! तो मी एका पंख्यावर लावला.

श्रावण संपत आला तसं सुलभाने गंगारामला निरोप धाडला. एकशे एकवीस मोदकांचा नैवेद्य म्हणजे पंधरा-वीस नारळ तरी हवेत. गंगाराम आला, वर बघितलं आणि कोयता खाली ठेवला.

"ता फिरता हाय तवर मी नाय चडनार. माजा डोका उडवील."

"वारा पडला की थांबेल रे!"

"मग वारा पडला की बोलवा."

वारा काही पडेना. पंखा थांबवायची कळ मी बसवली नव्हती. (थांबवायचाय कशाला, असा माझा तेव्हाचा विचार.) वर नारळ सुकत चालले. सुलभा म्हणाली, "परसात माड असून बाजारातून नारळ आणले तर शेजारी काय म्हणतील?" मी म्हटलं, "आणि लाईट गेली तर दादा काय म्हणेल?" पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे मी दादा-वहिनींना आणायला स्टेशनवर गेलो. परत येतो तर अंगणात सोललेल्या नारळांचा ढीग! पंखा वर शांत.

"वारा पडला हो जरासा," सुलभा म्हणाली, माझ्याकडे न बघता.

मला बरंच वाटलं. नारळ मिळाले, आता वारा सुटला की झालं. पण पंखा काही फिरेना. आदला दिवस नाही, चतुर्थीची सकाळ नाही, दुपार नाही. जुनी बॅटरी दिवसभरात उतरलेली. आणि संध्याकाळी आरतीच्या पहिल्या कडव्याला लाईट गेली.

काळोखात समईच्या उजेडात दादा माझ्याकडे बघत होता. आरती थांबली.

"शऱ्या," तो म्हणाला, "तुझी पवनचक्की?"

मी घसा खाकरला. "भाद्रपदात वारा पडतोच, दादा. त्याचं शास्त्र आहे. जमीन थंड झालेली असते, समुद्रावर हवेचा दाब वेगळा असतो, त्यामुळे किनारपट्टीवर हवा स्थिर..." मी चांगला रंगात आलो होतो. शेजारीही मान डोलवत होते.

"भावजी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ निरांजनाभोवती धरली होती. "एवढी ती खिडकी लावा हो. केव्हापासून वाऱ्याने ज्योत विझू बघतेय."

बाहेर माडाच्या झावळ्या एकमेकींवर सपासप आपटत होत्या.

"अहो," सुलभा हळूच म्हणाली, "गणपतीसमोर खोटं नको. गंगारामने काल आकडीने पातं धरलं आणि सुंभाच्या दोरीने लोखंडी पाईपला बांधून टाकलंय. आता सोडायला ये म्हटलं, तर म्हणतो, सोडल्यावर ता फिरायला लागेल, मग मी उतरू कसा?"

मी खिडकी लावायला गेलो. ती वाऱ्याने लागेचना. शेवटी दादाने मागून खांद्याने जोर दिला तेव्हा कुठे कडी बसली. मग त्याने आरतीचं तबक स्वतः उचललं, झांजा मला दिल्या आणि शांतपणे विचारलं, "हं, समुद्रावरच्या दाबाचं काय म्हणत होतास?"

आणि मी, लाज कशाशी खातात हे ठाऊक नसल्यासारखा, पुढचं सांगायला लागलो!