जुन्या गावावरचं पाणी

प्रयागबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चूल, भाकरी, मग खांद्यावर वल्हं टाकून धरणाच्या काठापर्यंत चालत. होडीत ठेवलेलं वल्हं चोरीला जातं, म्हणून ती ते रोज घरी न्यायची, रोज परत आणायची. ओलं वल्हं जड असतं. भिगवणच्या मासळी बाजारात मी जन्मभर हमाली केली, आता तिथं नुसता बसून असतो. तिच्या माशांच्या पाट्या मी उतरवल्या आहेत. जाळं दोघांनी ओढायचं काम आहे, ते ती एकटी ओढायची. तिच्या तळहाताला माझ्यासारखेच घट्टे पडले होते.

नवरा जोतीराम होता तोवर दोघं जायचे. एका हिवाळ्यात तिला ताप आला म्हणून तो एकटा गेला. त्या दिवशी वारा नव्हता. पाणी ताटासारखं सपाट होतं. उन्हं वर आल्यावर त्याची होडी जुन्या गावावर सापडली. धरण भरलं तेव्हा ते गाव खाली गेलं. वरच्या पाण्यालाही आम्ही जुनं गावच म्हणतो. होडी आतून कोरडी. जाळं घडी घातलेलं. न्याहारीचं फडकं सोडून पसरलेलं, त्यावर भाकरी आणि सुके बोंबील, एक घासही न मोडलेला. जोतीराम नव्हता. पाणबुडे आले, गळ टाकले. काही लागलं नाही.

उपाशी गेलेल्याला घास घालायची इथल्या मासेमारांत रीत आहे. प्रयागबाई रोज जुन्या गावावर होडी थांबवायची, भाकरीचा तुकडा आणि बोंबील पाण्यात सोडायची, मगच जाळ्याकडं जायची. तो गेला असं ती कधी म्हणाली नाही. "खाली हाय," म्हणायची.

बाकीचे होडीवाले तिची चेष्टा करायचे. सगळ्यात पुढं बिरू. तो जोतीरामचा पत्त्यांतला जोडीदार.

"वैनी, जोत्या जेवला का आज? का तिखट कमी पडलं?"

"तुज्या बायकूपरास बरं व्हतं म्हनला."

मग बारामतीची आसिया आली, माशांवर संशोधन करणारी पोरगी. पाण्यात कोणकोणते मासे उरलेत ते तिला शोधायचं होतं, आणि तेही एकही मासा न धरता. मासा पाण्यात राहतो तेव्हा अंगावरचा बुळबुळीत थर, खवल्यांचा चुरा, विष्ठा मागं सोडतो. त्यात त्याचा डीएनए असतो. पाणी बारीक चकतीतून गाळायचं, चकती बर्फात ठेवायची, प्रयोगशाळेत पाठवायची. तिथं कळतं, इथून कोण गेलं. इंजिनाच्या होडीनं गाळ ढवळतो, म्हणून तिला वल्ह्याची होडी हवी होती. प्रयागबाईला दर फेरीची मजुरी ठरली.

काम सोपं नव्हतं. वाऱ्यात होडी एका जागी धरून ठेवणं हे पुढं नेण्यापेक्षा अवघड. आसियाही बसून राहणारी नव्हती. गढूळ पाण्यानं चकती तुंबते. मग मोठ्या पिचकारीचा दांडा दाबताना अंगठे भरून येतात. ती दाबत राहायची. होडीतली घाण मिसळली तर कळावं म्हणून सोबत आणलेलं शुद्ध पाणीही ती होडीतच गाळायची.

पहिल्या फेरीचा निकाल घेऊन ती आली तेव्हा दोघी होडीत होत्या.

"मावशी, सगळीकडं आपलेच मासे आहेत. चिलापी, रोहू, मरळ. फक्त जुन्या गावावर बोंबील आलाय."

प्रयागबाईनं वल्हं थांबवलं.

"समुद्रातला मासा. इथं जगूच शकत नाही," आसिया म्हणाली. "आणि होडीतलं शुद्ध पाणी स्वच्छ आलंय. म्हणजे तो खालच्या पाण्यातच आहे."

"मी घालती," प्रयागबाई म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

आसिया हसली नाही. तिनं एवढंच सांगितलं, की घास थांबला नाही तर नमुन्यांसाठी ही जागा सोडावी लागेल.

"पोरी, त्या पान्यात मानूस हाय का, ते कळतंय का गं?"

"माणसाचा अंश सगळीकडंच असतो, मावशी. आपल्या हातांचा, काठावरच्या धुण्याचा. कुणाचा, ते मी नाही सांगू शकणार. आणि वरच्या पाण्यात तो फार दिवस टिकत नाही."

"बोंबलाचा बी?"

"त्याचाही. टाकणं बंद झालं की थोड्या दिवसांत जातो."

प्रयागबाईनं त्यावर विचार केला. घास बंद करायचा. बोंबील गेला, तर तिथं तिच्या हातचं अन्न तेवढं होतं, दुसरं कुणी नाही. मग जोतीरामला गेला म्हणता येईल. तिला ते हवंही होतं आणि नकोही होतं. ती मला म्हणाली, "आबा, उपाशी ठिवून बगती." आणि दोन्ही तळहात पदराला पुसत राहिली.

पुढच्या फेरीपर्यंत ती जुन्या गावाला वळसा घालून गेली. लांबचा रस्ता, वल्ह्याची मेहनत दुप्पट. घास घातला नाही.

निकाल आला. बोंबील होताच. पहिल्यापेक्षा जास्त होता.

तळाच्या गाळात अंश जास्त टिकतो, असं आसियानं सांगून बघितलं, पण वाढ कशी झाली ते तिलाही सांगता येईना. प्रयागबाई ऐकत नव्हती. ती पाण्याकडं तोंड करून म्हणाली, "त्यो मागतोय."

त्यानंतर तिचं जाळं सुटलं. पाट्या येईनात. मी काठावर जाऊन बघितलं, तर तिची होडी जुन्या गावावर उभी. ती होडीच्या कडेवरून ओणवी होऊन पाण्याशी बोलत होती. बोलून झालं की कान पाण्याजवळ न्यायची, उत्तर ऐकावं तशी. होडी त्या बाजूला कलायची. मी हाका मारल्या. तिनं हात वर केला, गप्प बसा म्हणून. मला पोहता येत नाही. ती खाली जाणार, हे मला दिसत होतं, आणि कधी, एवढंच तिला ठरवायचं राहिलं होतं.

एका सकाळी दाट धुकं पडलं. वल्ह्याचं पातं दिसत नव्हतं. प्रयागबाई जुन्या गावावर होडीत आडवी पडून होती. त्या दिवशी परत यायचं नाही असं मनात होतं, हे तिनं नंतर सांगितलं. तेवढ्यात पाणी हललं. चुबुक. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूला, चुबुक. खालून कुणीतरी बोटानं पाणी टोचावं तसं. कुणी बोलत नव्हतं. तिला वाटलं, आला.

ती उठून बसली. धुक्यात एक होडी सरकत होती. होडीतला माणूस तोंड फिरवून बसला होता, आणि न बघता मागच्या मागं हातानं काहीतरी पाण्यात सोडत होता.

"बिरू," ती म्हणाली.

बिरू किंचाळला. वल्हं हातातून सुटलं, होडी डचमळली, तो फळीवर आपटला. "जोत्या, मी न्हाय! मी न्हाय रं!"

"जोत्या न्हाय, मी हाय. काय टाकतुयास?"

तो फळीला धरून उठून बसला. मग म्हणाला, "बोंबील."

"तू?"

"मी, आनि समदीच. तू बंद केलंस, वैनी. आमी बगितलं. मग उपाशी मानूस कुनाकडं बगंल? आमचीच जाळी हाईत की हितं. पोरंबाळं हाईत आमाला."

"मला हसत व्हतास की रं."

"तू घालत व्हतीस तवर हसत व्हतो."

त्याचं वल्हं तिनंच हुडकून दिलं. ते तरंगत तिच्या होडीला येऊन लागलं होतं. धुक्यात आणखी दोन होड्या थांबलेल्या दिसल्या. त्यातली माणसं मान खाली घालून बसली होती. कुणी वल्हवत नव्हतं. एवढी माणसं तिच्या नवऱ्याला भिऊन गप्प उभी होती. ती मला म्हणाली, "आबा, त्याला भ्यायचे न्हाईत कवा. पत्त्यात फसवायचे त्याला. त्याचं भूत मीच केलं."

तिनं आसियाला खरं सांगितलं. आसियानं जागा सोडली नाही, नमुने घेत राहिली. प्रयागबाई वल्हवत राहिली. मजुरी साठत गेली. घास तिनं घातला नाही, बिरूलाही घालू दिला नाही, पण होड्या अजून तिथं आल्या की माणसं बोलायची थांबत. जुन्या गावावर कुणी जाळं टाकेना.

ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळतात. जोतीरामचं भूत मोडायला प्रयागबाईनं तेच ठरवलं. लाकूड आणलं, गुरुजी बोलावले, सगळ्या होडीवाल्यांना जेवायला सांगितलं. ते पैसे वल्ह्याचे होते. सरण काठावर रचायचं होतं, आणि गाडी चिखलात उतरेना. मी बऱ्याच वर्षांनी पुन्हा खांद्यावर ओझं घेतलं. बिरूनं घेतलं. प्रयागबाईनं कुणाचं ऐकलं नाही, तिच्या वाटची मोळी तिनंच खाली नेली. पुतळा लहान असतो, लवकर जळतो. लाकूड उरलं तेही तिनं त्याच्यावर घातलं. विकत आणलेलं सगळं संपलं तेव्हा ती उठली.