दोन कार्बोरेटर आणि सलाइनची नळी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि गावात प्यायला पाणी नव्हतं. दोन्ही गोष्टी एकदमच आल्या. पाट्यांवरचं ‘उस्मानाबाद’ खोडून ‘लातूर’ रंगवणं चाललं होतं, भाड्याच्या घरांत कचेऱ्या थाटल्या जात होत्या. एका कचेरीच्या मोरीत फायली रचलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. पाणीच नाही म्हटल्यावर मोरी तरी काय कामाची?

मी नर्स. नांदेडहून बदली होऊन आले आणि माझ्यामागं माझा नवराही आला. तो मिस्त्री. नांदेडला त्याच्या थोरल्या भावाचं चांगलं चालतं गॅरेज, त्यात तो लहानपणापासून काम करत होता. ते सोडून बायकोच्या मागं दुष्काळी गावात आला म्हणून भाऊबंद लई हसले. ‘पुराणातली सावित्री ऐकली होती, हा सत्यवानच मागं निघाला,’ असंही एकजण म्हणाला. मला राग यायचा. हा आपला हसायचा.

हसणं ठीक, पण येताना तो भावाला शब्द देऊन आला होता. उन्हाळा संपेपर्यंत लातुरात जम बसला तर बसला, नाही तर गुमान नांदेडला परतायचं. म्हणजे तो तिकडं भावाकडं आणि मी इकडं क्वार्टरमध्ये एकटी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या कशाचा विचारच करत नव्हते.

सगळी गल्ली जिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची तिच्या घरापुढं पत्र्याचं शेड होतं, ते आम्ही भाड्यानं घेतलं. काम काय यायचं? सायकलींचं पंक्चर, लुनाचा प्लग. लातूरकरांचे मिस्त्री ठरलेले. नांदेडच्या माणसाच्या हाती गाडी कोण देतो? आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना.

आणि मग एक दिवस ती गाडी आली.

नव्या कचेरीतले एक साहेब होते, टँकरवर देखरेख करणारे. त्यांची गाडी दोन सिलिंडरची, साडेतीनशेची. नवऱ्यानं लांबूनच आवाज ऐकला आणि हातातलं पंक्चर तसंच टाकून रस्त्यावर धावला. अशी गाडी लातुरात तेव्हा कुणी उघडलेलीच नव्हती. साहेब म्हणाले, “उभ्या गाडीवर झटके खाते, वेग घेताना एका अंगानं दम टाकते. सगळीकडं दाखवून झालं. सोमवारी सकाळी मला किल्लारीकडं टँकर बघायला जायचंय.” मग जाता जाता म्हणाले, “कचेरीच्या जीपा, मोटारसायकली कुणाकडं तरी लावायच्याच आहेत. ही नीट झाली तर तुमच्याकडंच.”

साहेब गेले आणि मी अक्षरशः नाचले. ड्युटीचा पांढरा ड्रेस घालून, पत्र्याच्या शेडमध्ये. खाला खिडकीतून बघत होती, बघू दे म्हटलं.

आता रोग काय ते सांगते, मलाही तेव्हाच कळला. या गाडीला कार्बोरेटर दोन. एकेका सिलिंडरला एकेक, हवा आणि पेट्रोल पाजणारा. दोघांनी सारखं पाजलं तर गाडी पाण्यासारखी पळते. नाही तर एक बैल ओढतो आणि दुसरा नुसता सोबत चालतो. दोघांना एका मापात आणायचं, एवढंच काम. पण माप घ्यायचं कशानं, तिथंच घोडं अडलं.

पहिला उपाय त्याच्याकडं होताच. सारख्या जाडीच्या दोन ड्रिल बिटा घ्यायच्या, दोन्ही कार्बोरेटरच्या आतल्या झडपांखाली ठेवायच्या आणि रेस देताना दोन्ही झडपा एकदम उचलतात का ते बघायचं. दिवसभर तो तेच करून राहिला. केबल ताणून, सैल करून दोन्ही झडपा अगदी जुळवल्या. गाडी पळताना सुधारली, पण उभ्यानं झटके तसेच.

“बिटानं झडप सारखी होते,” तो घाम पुसत म्हणाला. “ओढ सारखी झाली का न्हाई, ते बिट सांगत न्हाई. त्याला दादाची घड्याळं पाहिजेत.”

घड्याळं म्हणजे दोन गोल मीटर. हैदराबादहून आणलेले, लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेले. नळ्या जोडल्या की इंजिन किती जोरानं हवा ओढतंय ते काट्यावर दिसतं. नांदेडच्या गॅरेजची ती शान होती. माझ्या नवऱ्याला तर लग्नातल्या अंगठीपेक्षा त्यांचं कौतुक जास्त.

“मग? आणणार कुठून?”

“सकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला मी. दादाला म्हणलं, दोन दिसासाठी दे.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे लातुरात पहिली मोठी गाडी आली आणि हे लगेच नांदेडच्या दारात. मी म्हटलं, “घड्याळं त्यांची, तर नावही त्यांचंच होणार. मग तुम्ही इथं कशाला बसलात, पंक्चर काढायला?” तो बिटा पुसत बसला.

रविवारी सकाळी घड्याळं आली. पण एकटी नाही, घेऊन खुद्द भाया आले. भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आता आमचं सासर बौद्ध, शिकलेलं. सुनेनं नोकरी करायला कुणाची ना नव्हती. पण भायासमोर सुनेनं तोंड वर करून बोलायचं नाही, ही जुनी रीत घरातून काही गेली नव्हती. ते आले की मी पदर घेऊन पाठमोरी व्हायची. बोलायचं ते भिंतीकडं बघून, नवऱ्यामार्फत. त्यांचंही तसंच.

भायांनी पेटी बाकावर ठेवली, शेडवरून नजर फिरवली. “इथं प्यायला पाणी न्हाई आन् तू गॅरेज टाकून बसला. तिकडं विष्णुपुरीला धरण होऊन राहिलं, गोदावरी हाय, माझं गॅरेज हाय. गाडी अर्ध्या तासात करून देतो. सायंकाळच्या एसटीनं दोघं भाऊ परत जाऊ. तिला सांग.”

तिला म्हणजे मला. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

मी भिंतीला म्हटलं, “त्यांना सांगा, उन्हाळा अजून संपला नाही.”

नवरा मध्ये उभा. त्यानं भावाकडं तोंड करून माझं वाक्य पुन्हा म्हटलं. भाया म्हणाले, “तिला सांग, उन्हाळा संपायची वाट कामून बघायची?” मी म्हटलं, “त्यांना सांगा, गाडी इथली, गॅरेज इथलं, तर हत्यारही इथलंच पाहिजे.” हे बोलून गेले खरी, पण हत्यार होतं कुठं? रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो. पण बोलले आणि दुसऱ्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढं वॉर्ड आला. स्टँडला लटकलेली बाटली, खाली येणारी पारदर्शक नळी आणि नळीवरचं ते चाक, थेंबांचा वेग कमीजास्त करायचं.

मी नवऱ्याला बाजूला ओढलं. “नळीचा पाळणा करून त्यात काही पातळ भरलं आणि दोन टोकं दोन सिलिंडरांना लावली तर? जो जास्त ओढेल त्याच्या बाजूला ते वर चढेल ना?”

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की अजून आठवलं तरी अंगावर मूठभर मांस चढतं. “चढेल. पण टोकं लावू कुठं? या गाडीला भोकं न्हाईत. साहेबाच्या गाडीला ड्रिल मारू?”

“कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मध्ये जाड रबर आहे ना? त्यात सुई टोचा. इंजेक्शनच्या बाटलीच्या बुचाला आम्ही रोज टोचतो, गळतं का कधी?”

धावत दवाखान्यात गेले. वापरून टाकलेल्या सलाइनच्या दोन नळ्या आणि जुन्या जाड सुया सिस्टरांना विचारून आणल्या. आता भरायचं काय? टँकरचं पाणी इंजिनात घालायला मागणारी बाई त्या उन्हाळ्यात लातुरात जिवंत राहिली नसती. खालानं वाटीभर करडीचं तेल दिलं. ते नळीत मस्त पिवळं दिसायला लागलं. दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून केलेला पाळणा हँडलला चिंधीनं बांधला, सुया टोचल्या. भाया बाकावर बसून बघत होते, हाताची घडी घालून. पेटी बंदच.

आणि तिथं मी घोळ घातला. सलाइन लावायच्या आधी आम्ही नर्सा काय करतो? चाक पूर्ण उघडतो, नळीतली हवा काढतो. हाताला सवयच ती. नवऱ्यानं किक मारली आणि माझ्या हातांनी आपोआप दोन्ही चाकं सताड उघडली. तेल एकदा खाली, एकदा वर झालं आणि डोळ्यांदेखत सुर्रकन डाव्या बाजूनं इंजिनात गायब.

एक क्षण काही नाही. मग डाव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला आणि सगळ्या गल्लीत खमंग वास सुटला. कांदाभजीचा. खाला दार उघडून बाहेर आली. “कौन तल रा भजिये?”

मला वाटलं, संपलं सगळं. भाया पेटीची कडी काढायला लागले. पण माझा नवरा हसत होता, पोट धरून. “डाव्यातून आला धूर,” तो म्हणाला. “फक्त डाव्यातून. म्हणजे डावा जास्त ओढून राहिला. ज्याला हवा मिळत न्हाई तो जीव खाऊन ओढतो. उभ्यानं त्याची झडप जास्त मिटलेली हाय.”

पुन्हा तेल भरलं. यावेळी मी शहाणी झाले होते. चाकं आधी घट्ट मिटली, गाडी सुरू झाल्यावर थेंबाथेंबानं उघडली. तेल थरथरलं, मग शांत झालं आणि डावीकडं चढून उभं राहिलं. नवऱ्यानं डाव्या कार्बोरेटरचा स्क्रू जरासा फिरवला. तेल उतरलं. अजून जरासा. मी नळीसमोर बसून सांगत होते, हां, अजून, थांबा, जास्त झालं, मागं घ्या. दोन्हीकडचं तेल एका रेषेत आलं आणि गाडीचे झटके गेले. असा एकसारखा आवाज लागला की मी पदर, रीत, भाया, सगळं विसरून टाळ्या पिटल्या.

भाया उठले. त्यांनी पेटी उघडली, आमच्या नळ्या काढून त्याच सुयांना आपली घड्याळं जोडली. दोन्ही काटे हलले आणि एकाच जागी थांबले. भाया किती तरी वेळ त्या काट्यांकडं बघत राहिले. मग त्यांनी घड्याळं काढली आणि आमच्याकडं पाठ करून पेटीत भरायला लागले.

नवऱ्यानं गाडी बंद केली. सुयांची भोकं पंक्चरच्या सोल्यूशननं बुजवली. गल्ली शांत झाली होती.

“आता बंद कर रे गाडी,” भाया पाठमोरेच म्हणाले. “कामून पेट्रोल जाळून राहिला?”

आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो. नवऱ्यानं हाक मारली, “दादा.” ते वळले नाहीत. तो पुढं गेला, खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ते वळले. त्यांनी आधी नवऱ्याचा चेहरा बघितला, मग गाडी. आणि समजले की आम्हाला समजलं.

“दोन वर्षं झाली,” ते खाली बसत म्हणाले. “आधी डावा कान गेला, आता उजवाही चालला. म्हणून तर ही घड्याळं आणली. कान गेले तर डोळ्यानं बघावं म्हणलं. पण समदं कुठं दिसतं डोळ्यानं? पिस्टन वाजतोय का चेन, ते आता कोन सांगल मला? गिऱ्हाइकाला कळलं तर गॅरेज बसलं. तुझं इथलं मोडावं म्हणून नव्हतो भांडत मी, मला तुझे कान पाहिजे व्हते.”

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. नवऱ्याचा चेहरा मात्र पडला. दुपारी साहेब आले, गाडीवर बसले, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. “उद्यापासून कचेरीच्या गाड्या पाठवतो,” म्हणाले. ज्या वाक्यासाठी मी महिनोन् महिने जीव टांगणीला लावला होता, ते कानावर आलं आणि नवरा नुसता “हाव साहेब” म्हणाला. ते गेल्यावर तो क्वार्टरवर जाऊन पिशवी भरायला लागला. स्टँडवर जायला मी अडवलं नाही, पण पिशवीत कपडे मात्र घालू दिले नाहीत.

सायंकाळी तिघं स्टँडवर गेलो. नांदेडची एसटी लागली होती. भाया खिडकीशी बसले. नवरा माझ्या शेजारी उभा, जावं की राहावं ते त्याचं त्यालाच ठरेना. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. जुनी गाडी, असा दणका की पत्रे थरथरायला लागले आणि कंडक्टरच्या शिट्ट्या वेगळ्याच.

मी पदर मागं सारला, खिडकीखाली गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदा भायाकडं सरळ तोंड वर करून बोलले. “गॅरेज इथंच राहील. पण दर शनिवारी ह्यांना तुमच्याकडं धाडते. अवघड गाड्या शनिवारसाठी ठेवा. आणि पुढच्या सोमवारी आमच्या दवाखान्यात या, कानाच्या डॉक्टरांना मी सांगून ठेवते.”

भाया माझ्या ओठांकडं बघत होते. वाक्य संपेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मग मान डोलावली. “हाव. सोमवारी येतो, पोरी.”

एसटी निघाली. नवरा माझ्या कानाशी वाकला आणि ओरडून म्हणाला, “काय म्हणालीस तू त्याला? मला काहीच ऐकू आलं न्हाई.”