ताडपत्रीखालचे ड्रॉवर

मी स्टॉपवॉच बाहेर काढलं की शेडमधला आवाज बदलायचा. करवतीचा सूर तोच राहायचा, पण माणसांचं बोलणं थांबायचं. एरवी चार मिनिटांत ड्रॉवर जोडणारा सुतार माझ्यासमोर सात मिनिटं लावायचा. स्क्रू हातातून पडायचा, मग तो शोधायचा, मग पाणी प्यायला जायचा.

विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यालगत आमचा फर्निचरचा कारखाना होता. खराडीत, येरवड्यात काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्यातल्या प्रत्येक मजल्यावर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांसाठी टेबलं हवी होती. मालकांनी एका मोटारींच्या कारखान्यात लीन पद्धत पाहिली. लागेल तेवढंच करायचं, लागेल तेव्हाच करायचं, मधे माल साठू द्यायचा नाही. ते पाहून आल्यावर ती पद्धत बसवायला त्यांनी मला नेमलं. मी भोसरीत सुट्या भागांच्या कंपनीत दोन वर्षं काढली होती. वय पंचवीस, आणि त्या शेडमधली एकटी बाई.

पहिल्याच आठवड्यात मी मालकांना विचारलं, "यातून कुणाची नोकरी जाणार नाही, असं माणसांना सांगू का?"

"सांगा की," ते फाइलमधून मान वर न काढता म्हणाले.

मी सांगितलं. मिस्त्रींनी, म्हणजे सगळ्या सुतारांच्या प्रमुखांनी, फक्त माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल कानामागे खोचून ते कामाला लागले.

येरवड्यात घरी वडिलांना हे सांगितलं. ते खडकीच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, "आमच्या मागेही एकदा एक साहेब घड्याळ घेऊन उभा राहिला होता."

"मग?"

"मग आमच्यातल्या तिघांना दुसऱ्या खात्यात धाडलं. सरकारी होतं म्हणून दुसरं खातं होतं." एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले. मला राग आला. मी काही माणसं कमी करायला गेले नव्हते.

माझ्या घड्याळाला न बिचकणारा एकच माणूस होता. पॉलिश खात्यातले सर्वांत वयस्कर कारागीर, मांजरीचे. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायला लागले. साहेब लोकांच्या केबिनची टेबलं ते घासायचे. मी म्हटलं, "काका, रोजच्यासारखंच करा. घाई नको, मुद्दाम हळूही नको." ते हसले. "मला दोन तऱ्हा येतच न्हाईत बाई. माझं काम एकच हाय." त्यांच्याकडे बघून त्यांच्या खात्यातले बाकीचेही सरळ काम करायला लागले. माझ्या वहीत खरे आकडे फक्त पॉलिश खात्याचे होते.

महिनाभरानंतर शेडच्या मागे मला ताडपत्रीखाली ड्रॉवर सापडले. दोनशेच्या वर. कुठल्याच कागदावर त्यांची नोंद नव्हती. मी मिस्त्रींना तिथे बोलावलं.

"हे काय आहे?"

"ड्रॉवर आहेत मॅडम."

"ते दिसतंय मला. नको असताना कशाला करून ठेवलेत?"

"नको असताना नाही. कडेला पट्टी चिकटवायचं ते मशीन बघितलंत ना? वीज एकदा गेली की त्यातला गोंद दगड होतो. पुन्हा तापायला अर्धा तास. आणि त्याचा हीटर कधी दगा देईल सांगता येत नाही. मागून मागून थकलो, नवा मिळत नाही. तुम्ही ही ताडपत्री तेवढी बघितली नाही असं समजा."

मला ते पटलं नाही. लीनच्या पुस्तकात लिहिलं होतं, साठा दुखणं झाकतो, तो आधी काढा. मी मालकांना सांगितलं. हीटरचंही सांगितलं, पण शेवटी आणि घाईत. त्यांनी ड्रॉवर लगेच वापरायला काढले आणि पुढे एकही जास्तीचा करायचा नाही असा हुकूम सोडला. हीटरबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही पुन्हा विषय काढला नाही.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. शेडमध्ये चालायला जागा झाली. मी खूश होते.

मग खराडीच्या एका कंपनीची मोठी ऑर्डर आली. पूर्ण मजला, सोमवारी त्यांची माणसं बसणार, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी ट्रक निघायलाच हवा होता. शुक्रवारी सकाळी दहाला वीज गेली, पाच मिनिटांत आली, आणि गोंद काही तापेना. हीटर जळाला होता. पट्टीशिवाय ड्रॉवर नाही, ड्रॉवरशिवाय टेबल नाही. अर्ध्या तासात सगळी शेड हात बांधून उभी राहिली. मागे ताडपत्री घडी घालून ठेवलेली होती.

मालक खाली आले. कुणावर ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी आठ जण निवडले, डब्यातला गोंद मागवला आणि हातानं पट्ट्या चिकटवायला बसवले. मीही बसले. बोटांची कातडी एकमेकांना चिकटत होती. संध्याकाळी सहाला ट्रक निघाला, निम्मा भरून. उरलेला माल रविवारपर्यंत पुरा करू, असं मालकांनी फोनवर चारचारदा सांगितल्याचं मी ऐकलं.

शनिवारी सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर माझाच तक्ता होता.

"कालचा तोटा भरून काढायचाय. पॉलिशला सहा माणसं आहेत. तुमच्या हिशेबानं चारात भागतं. बरोबर?"

"भागतं, पण..."

"मग दोन नावं द्या."

"सर, कुणाची नोकरी जाणार नाही असं मी सगळ्यांना सांगितलंय. तुम्हाला विचारूनच."

"तुम्ही विचारलंत, सांगू का. मी म्हणालो, सांगा. तसं करीन असं कुठे म्हणालो?"

मी म्हटलं, "नावं मी देणार नाही."

"नका देऊ. वयानं लावतो मी. सगळ्यांत मोठे दोघं."

मी जिना उतरून थेट पॉलिश खात्यात गेले. जेवणाची सुट्टी होती, मिस्त्रींसकट सगळे डबे उघडून बसले होते. वरून कुणी येऊन सांगायच्या आत मी सगळं सांगून टाकलं: पॉलिशमधले वयानं मोठे दोघं जाणार, तक्ता माझा आहे, ताडपत्रीचंही मीच सांगितलं होतं. मिस्त्री उठले, हात धुतले आणि म्हणाले, "चला वर."

केबिनमध्ये ते खुर्चीवर बसले नाहीत. "साहेब, काल त्या मशीननं दिवस खाल्ला. ही दोन माणसं मला मशीनच्या देखभालीला द्या. आणि दोन हीटर आणा, एक मशीनला, एक कपाटात. मग मीच सांगतो साठा किती लागतो ते. नाही जमलं तर माझं नाव यादीत घाला."

मालकांनी माझा तक्ता दुमडून बाजूला ठेवला. "तीन महिने," ते म्हणाले.

आम्ही जवळजवळ धावतच खाली आलो. काका पिशवी भरत होते. रंधा, दोन पटाश्या, घासायचे लाकडी ठोकळे, सगळं फडक्यात गुंडाळलेलं. मी म्हटलं, "काका, थांबा. मिटलंय सगळं. तीन महिने तरी..."

"न्हाई बाई." ते पिशवीची गाठ मारत म्हणाले. "ज्यांनी तुमच्यासमोर टंगळमंगळ केली त्यांच्या खात्यात माणूस जास्ती निघाला न्हाई. आम्ही सरळ केलं, आमच्यात निघाला. आता मी रोज काय करू, हळू घासू?"

मिस्त्रींनी फाटकापर्यंत जाऊन त्यांना पुष्कळ समजावलं. ते थांबले नाहीत.

हीटर आले. पॉलिशमधून देखभालीला आलेल्या दुसऱ्या माणसानं मशीनजवळ पाटी लावली आणि रोज सकाळी त्यावर खूण करायला लागला. मिस्त्रींनी साठा पुन्हा दोनशेपासून सुरू केला, आणि पुढच्या वर्षात तो तीसवर आला, तोही मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं आणला. मालक पाहुण्यांना ते कौतुकानं दाखवायचे.

काकांच्या घरी मी एका रविवारी मांजरीला गेले. उसाच्या कडेला त्यांनी पत्र्याची छोटी शेड टाकली होती, नव्या सोसायट्यांमधली दारं पॉलिश करून द्यायचे. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, मुलीच्या कॉलेजबद्दल बोलले, माझ्या वडिलांची चौकशी केली. कारखान्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यांनी दुसरंच काही विचारलं. निघताना एक दार दाखवलं, सागवानी, अजून ओलं. "हात नका लावू," ते म्हणाले, "आज सकाळीच शेवटचा हात दिलाय." मी मागे सरले आणि बघत राहिले.