लाल टोपणाची सुई

मोशीच्या एका औषध दुकानात ती मला एकदाच भेटली. अंगावर चाकणच्या कंपनीचा निळा गणवेश, खांद्याला जाळीची पिशवी आणि पिशवीत रोडावलेलं पिवळं मांजर. त्याला मधुमेह निघाला होता आणि डॉक्टरांनी त्याच दिवसापासून इन्सुलिन सुरू करायला सांगितलं होतं.

दुकानदाराने बाटली आणि सुया तिच्यापुढे टाकल्या. तिने एक सुई उजेडात धरली, नखाने रेघा मोजल्या, मग बाटलीवरचा आकडा वाचला.

"भाऊ, बाटली चाळीस युनिटची हाय आन् सुई शंभरची. डॉक्टरांनी लाल टोपणाचीच सांगितलीय."

"घ्या हो ताई, मांजरच तर आहे," तो हसला. रांगेतले दोघेही हसले.

मी स्वतः रोज इन्सुलिन घेतो. चाळीसच्या बाटलीला लाल टोपणाचीच सुई लागते, भलत्या सुईच्या रेघांनी डोस पार चुकतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी हातातली माझी चिठ्ठीच बघत राहिलो.

"मी कंपनीत माल तपासते," ती म्हणाली. "तिथं एक रेघ चुकली तर अख्खा माल परत येतो. हितं तर जीव हाय. बदलून द्या."

आवाज चढला नव्हता, पण ती जागची हलली नाही. शेवटी त्याने कुरकुरत शेजारचा खण उघडला. लाल टोपणाच्या सुयांनी तो खचाखच भरला होता! नुसता हात लांबवायचा कंटाळा, आणि त्यापायी एक जीव गेला असता तरी याला फिकीर नव्हती.

ती मांजराला कुरवाळत निघून गेली.

"बोला साहेब," तो मला अदबीने म्हणाला.

मला त्याचा संताप आला होता. काही न घेताच मी बाहेर पडलो.