कौसामावशीची डावी पोटरी

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात अंगारे-धागे बंदच. तरी जे झालं ते जसंच्या तसं सांगतो...

ऐंशीच्या दशकाचा शेवट. शहराच्या सदर भागातलं एक खासगी हॉस्पिटल. आईचे दोन्ही गुडघे पार झिजलेले. घरात ती बसल्या बसल्या सरकायची. ऑपरेशन करून गुडघे बदलायचे ठरले. "दोन्ही एकाच टायमाले करून टाका डॉक्टर. दुसऱ्या खेपेले मी काही येत नाही," तिनं बजावलं.

डॉक्टरांनी मला एकट्याला केबिनमध्ये बोलावून धोके सांगितले. रक्त जास्त जाईल, हृदयावर ताण येईल... आणि पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली, तर काही मिनिटांत सगळं संपेल. मी सही केली. घरी कुणालाच काही बोललो नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. चौथ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या दारात कौसामावशी उभी! आईची लहानपणची मैत्रीण. पारशिवनीहून पहिल्या एसटीनं आलेली, डावा पाय ओढत.

"डॉक्टरले बोलाव गा," ती मला म्हणाली. "इंदूच्या डाव्या पोटरीत काहीतरी हाय."

"तुले कोणं सांगतलं वं?" आई म्हणाली. "मले तर काहीच दुखून नाही राहिलं."

"मले दुखून राहिलं ना, पहाटेपासून." मावशीनं लुगडं जरा वर केलं. पोटरी सुजून टणक झाली होती. "हे माह्यं नाही. तुह्यं हाय."

मला केबिनमधलं बोलणं आठवलं. धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. त्यांनी टेपनं आईच्या दोन्ही पोटऱ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या... डावी चांगलीच जाड भरली. दुखणं थांबवायच्या औषधांमुळे आईला कळलंच नव्हतं. तासाभरात रक्त पातळ करणारं इंजेक्शन सुरू झालं.

"आज यांना उभं करणार होतो," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "गुठळी सुटली असती."

दुपारी मावशी बाकावर बसून डबा खात होती. तिच्या पायावरची सूज पूर्ण उतरलेली.

तीन महिन्यांनी आईला घेऊन मी पारशिवनीला गेलो. स्टँडवर मी रिक्षा शोधत होतो, तोवर आई निघालीसुद्धा — ताठ, काठीशिवाय, भर बाजारातून. मावशी दारात उभी राहून बघतच राहिली. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसल्या, की शेजारणी बाहेर आल्या.

चहा घेताना मी विचारलं, "मावशी, तुला कळलं कसं?"

"मले का माहीत गा. दुखलं, म्हणून आली."

डॉक्टरांनाही विचारून झालं. याच्यापुढचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.