मालक सापडेपर्यंत

गल्लीतल्या लेथवाल्याला सगळे ‘चकाचक’ म्हणत आणि त्यालाही ते आवडे. दुरुस्तीला आलेली वस्तू आधी घासूनपुसून लख्ख करायची, मगच तिच्याकडे नीट बघायचं, हा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. गंजलेला शाफ्ट घेऊन आलेल्या माणसावर तो आधी खेकसायचा, मग वायर ब्रश उचलायचा. गिऱ्हाइकाला घाई असेल तर त्यानं खुशाल दुसरीकडे जावं. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मात्र तो सांगत नसे, कारण अख्ख्या भागात लोखंड कातायचा लेथ त्याच्या एकट्याकडेच होता.

त्या लेथवर आभाळातून गोळा पडला तेव्हा चकाचक मागच्या खोलीत जेवत होता. पत्र्याला भोक पाडून गोळा थेट बेडवर आदळला. बेड म्हणजे ज्या ओतीव लोखंडावर सगळं यंत्र उभं असतं ते, आणि ते आरपार तडकलं. जगात एवढे समुद्र आहेत, एवढी वाळवंटं आहेत. पण मेल्याला नेमका हाच पत्रा सापडला. चकाचक उष्ट्या हातानं धावत आला, तडा पाहिला आणि मटकन खाली बसला. लेथ वडिलांच्या वेळचा होता. तसा बेड आता कुणी बनवत नव्हतं.

गोळा कलिंगडापेक्षा थोडा मोठा, काळाकुट्ट, वर जळक्या रंगाचे पापुद्रे. कुणी दुःखात रडतं, कुणी शिव्या घालतं. चकाचकनं गोळा घासायला घेतला.

“अहो, पोलीस येईपर्यंत हात लावू नका त्याला,” बायको म्हणाली.

“अगं, येतील ना. त्यांना काय असा काळा दाखवू?”

पोलीस आले तेव्हा गोळ्याला बफिंगसुद्धा झालं होतं. एका हवालदारानं त्यात बघून भांग नीट केला.

तिसऱ्या दिवशी सरकारी कायदा खात्यातल्या मॅडम आल्या. बाई भल्या होत्या. स्टुलावर बसून त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

“तुमची केस अगदी सोपी आहे, मास्तर. हा गोळा म्हणजे कुठल्यातरी रॉकेटमधली टाकी. अवकाशातून पडलेल्या वस्तूनं जमिनीवर नुकसान केलं, तर ती वर सोडणाऱ्या देशानं भरपाई द्यायची. चूक कुणाची, ते सिद्ध करायचीही गरज नाही. वस्तू कोणत्या देशाची, एवढंच दाखवायचं.”

“ते कसं दाखवायचं?”

“वर नंबर असतो की. छापलेला, नाहीतर बारीक कोरलेला.”

मॅडमनी गोळा फिरवून पाहिला. उलट बाजूनंही फिरवला. त्यात त्यांना स्वतःचा चेहरा स्पष्ट दिसत होता, बाकी काही नाही.

“हा कुणी साफ केला का?”

बायको पत्र्याच्या भोकाकडे बघायला लागली.

“मी,” चकाचक म्हणाला. सवयीनं आवाजात जरा ऐट आली होती. मॅडमचा चेहरा पाहून ती उतरली.

मॅडमनी तरीही तीन देशांना पत्रं धाडली. पहिल्यानं कानावर हात ठेवले. दुसऱ्यानं आधी सहानुभूती कळवली, मग कानावर हात ठेवले. तिसऱ्यानं नंबरचा फोटो मागितला. यात सात महिने गेले. तेवढे दिवस चकाचक चौकातल्या गॅरेजात पाने उचलून देत होता. संध्याकाळी दुकान उघडून तो तड्यावरून हात फिरवत बसे. बायकोला ते बघवत नसे. “मीच हातातला ब्रश हिसकावून घ्यायला हवा होता,” असं ती एकदा म्हणाली. ते खरंच होतं.

शेवटी मॅडमच्या कार्यालयाचं पत्र आलं. देश निश्चित होत नसल्यानं दावा पुढे नेता येत नाही. मात्र अवकाशात सोडलेली वस्तू कुठेही पडली तरी मालकी ज्याची त्याचीच राहते. सबब मालक सापडेपर्यंत सदर गोळा विकू अगर मोडू नये, सुस्थितीत सांभाळावा.

पुढच्या आठवड्यात भंगारवाला चार माणसं घेऊन आला. लेथ दारातून जाईना, म्हणून चौकट काढावी लागली. ती चकाचकनं स्वतः काढून दिली. यंत्र गाडीत चढताना मात्र त्याला राहवलं नाही. भर गल्लीत तो लहान पोरासारखा रडला.

भंगारवाला रिकाम्या दुकानात डोकावला. कोपऱ्यात गोळा चमकत होता.

“मास्तर, हा पण घेऊ का?”

“त्याला हात लावू नका,” चकाचक बाहीनं डोळे पुसत म्हणाला. “तो दुसऱ्याचा आहे. आमचा होता तो तुम्ही गाडीत घातलात.”