बुजलेले बैल आणि माझं परीक्षण

एकोणीसशे पन्नासनंतरची काही वर्षं मी जुन्नरला शिक्षक होतो आणि एका साप्ताहिकात चित्रपटांची परीक्षणं लिहायचो. फिरत्या सिनेमाच्या तंबूतला खेळ फुकट बघायला मिळायचा, म्हणून की काय, माझी लेखणी जरा जास्तच धारदार होती.

एका बाजाराच्या दिवशी तंबूवाल्या चाचांनी संध्याकाळी इंग्रजी चित्रपट लावला. चाचा जुन्नरचेच, तंबू, यंत्र सगळं स्वतःचं. चित्रपट अमेरिकेतल्या घोडेस्वारांचा, पण गरिबाघरचा: एक रस्ता, एक गुत्ता, आणि नायक-खलनायकात मिळून एकच घोडा.

माझ्यापुढे पिंपरी पेंढारचे शेतकरी बसले होते. एकानं लगेच ओळखलं. "आरं, घोडा त्योच हाय! मागच्या पायाचं पांढरं बघ की."

"मंग? तू न्हाई व्हय चुलत्याच्या बैलांवर नांगरत?"

तंबू हसला. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, पण चित्रपट लई रंगला होता.

मग गोळीबार सुरू झाला. चाचांनी कर्ण्याचा आवाज मुद्दाम वाढवला आणि तंबूशेजारी बांधलेले गाड्यांचे बैल बुजले. दावी तुटली. क्षणात तंबू रिकामा! बैल धरून, लांब बांधून मंडळी परत आली आणि गोळीबार पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लावला. मीही तो दुसऱ्यांदा पाहिला.

परीक्षणात मी लिहिलं, 'प्रेक्षक अर्ध्यावर उठून गेले, यातच सारं आलं.' बैलांचा उल्लेख केला असता तर वाक्याची ऐट गेली असती. घोड्याचा विनोद मात्र माझा म्हणून छापला.

चाचांचा पुढचा मुक्काम घोडेगावला होता. साप्ताहिक त्यांच्याआधी पोहोचलं. पहिल्या खेळाला तंबूत कुत्रंही फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी चाचांनी गाशा गुंडाळला. पुढच्या बाजारात मी नजर चुकवत होतो, तर त्यांनीच हाक मारून चहा मागवला.

"मास्तर, झकास लिवलं. माणसं उठली, खरंय. पर परत आली ते लिवाया शाई न्हाई उरली व्हय?"

"पुढच्या अंकात लिहितो," मी म्हणालो. लिहिलं नाही. चूक कबूल केली तर माझी परीक्षणं कोण वाचणार, ही भीती. चाचा मात्र मला तंबूत फुकट सोडतच राहिले.

आज चाचा नाहीत, साप्ताहिकही नाही. तरी लिहितो: त्या संध्याकाळी सगळे प्रेक्षक परत आले होते. चित्रपट चांगला होता. आणि घोडा तर काय, दोघांना पुरून उरला.